तिच्या दंडावर तुमचा हक्क कोणता?

नाशिक जिल्ह्यात बाईच्या ताकदीकडे पाहण्याच्या दोन रीती आहेत आणि दोन्ही आपल्याला खाली मान घालायला लावणाऱ्या आहेत. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या शेंद्रीपाड्यावरच्या बाया तास नदीच्या खोल घळीवर टाकलेल्या लाकडी बल्लीवरून डोक्यावर हंडे घेऊन पाणी आणत. त्यांची छायाचित्रे गाजली तेव्हा सरकार हलले. जानेवारी २०२२ मध्ये तिथे लोखंडी पूल बसला आणि त्याच वर्षी जुलैच्या पुरात तो वाहूनही गेला. त्या बल्लीवर तोल सावरणाऱ्या पोटऱ्या, भरल्या हंड्याखाली ताठ राहणारी मान, चढावर न वाकणारी पाठ कोणत्याही पैलवानाने पाहत राहावे अशी होती. त्या शरीराला कोणी गुण दिले नाहीत आणि त्या बायांची नावेही कोणी विचारली नाहीत.

इकडे शहरात दुसरी रीत आहे. गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगर, सगळीकडे जिम झाल्या आहेत. त्यातली एखादी मुलगी पहाटे उठते, वर्षानुवर्षे लोखंड उचलते आणि एक दिवस शरीरसौष्ठव स्पर्धेच्या मंचावर उभी राहते. त्या दिवसापासून तिच्या शरीराबद्दल मत नसलेला माणूस गल्लीत उरत नाही. खांदे फार रुंद झाले, छाती गेली, बाप्या दिसते, कपडे बघवत नाहीत, लग्न कोण करणार, मूल होईल का? जिच्याशी आयुष्यात दोन वाक्ये बोलली नाहीत, तिच्या गर्भाशयाची काळजी वाहणारी माणसे मी याच शहरात पाहिली आहेत.

ही दोन्ही दृश्ये एकाच मनातून निघतात. बाईचे शरीर दुसऱ्यांच्या उपयोगासाठी राबत असेल तोवर त्यातली ताकद आपल्याला दिसत नाही. तीच ताकद तिने स्वतःसाठी कमावली आणि चारचौघांत दाखवली की आपण लगेच परीक्षक होऊन बसतो. तिचे शरीर म्हणजे गावाची मालमत्ता आणि त्याची तपासणी करायचा अधिकार आपल्याला जन्मतः मिळाला आहे, असे मानणारा हा समाज आहे. माझा आरोप त्याच्यावर आहे. त्या आरोपात संस्कृतीच्या नावाने ओरडणारे आहेत आणि आधुनिकतेच्या नावाने टाळ्या पिटणारेही आहेत.

आधी ओरडणाऱ्यांचे पाहू. मार्च २०२३ मध्ये मध्य प्रदेशात रतलामला शरीरसौष्ठव स्पर्धा झाली. मंचावर मारुतीची मूर्ती होती. तिच्यासमोर महिला स्पर्धकांनी नियमाप्रमाणे दोन तुकड्यांचा पोशाख घालून पोझ दिल्या. झाले, गहजब उडाला. काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी त्या जागेवर गंगाजल शिंपडले आणि हनुमान चालिसा म्हटली. भाजपच्या लोकांनी उत्तर दिले की यांना मुलींची प्रगती बघवत नाही. दोन पक्षांची जुंपली, वाहिन्यांना आठवडा मिळाला. त्या मुलींनी किती वर्षे घाम गाळला, कोणत्या गावाहून आल्या, घरी गेल्यावर त्यांना काय ऐकावे लागले, हे विचारायला कोणी गेले नाही. शक्तीचे दैवत म्हणून ज्याला आपण प्रत्येक तालमीत बसवले, त्याच्यासमोर बाईने कमावलेली शक्ती दाखवली तर जागा बाटते आणि ती गंगाजलाने धुवावी लागते! पुरुष त्याच मंचावर लंगोटाएवढ्या कपड्यात उभा राहिला, तेव्हा त्या मूर्तीला काही झाले नव्हते.

रतलाम दूर आहे असे कोणी म्हणू नये. नाशिकला व्यायामाची जुनी परंपरा आहे. यशवंत व्यायामशाळेचे नाव इथे पिढ्यान्‌पिढ्या आदराने घेतले जाते. घरातला मुलगा तालमीत जातो म्हटल्यावर आई दूध वाढवते, बाप प्रोटीनच्या डब्याचे पैसे देतो, काका मित्रांना फोटो दाखवतो. मुलगी मात्र ‘योगा क्लासला जाते’ असे सांगून घराबाहेर पडते. स्पर्धेत उतरायचे ठरल्यावर घरच्यांना शेवटी सांगते. स्टेजवरचे फोटो टाकताना चुलते-मामे कंपनीला आधी यादीतून वगळते. आत्याने एखादा फोटो पाहिलाच तर पहिला प्रश्न तयार असतो, “अगं, हे सासरचे बघतील तर?” अजून लग्न ठरलेले नाही, सासर अस्तित्वातही नाही, तरी त्याची नजर आधीच घरात येऊन बसलेली आहे.

पोशाखाबद्दलचा हा थयथयाट जुनाच आहे. बायकांनी जाकिटे घालावीत, एवढी साधी गोष्ट पटवण्यासाठी गोपाळ गणेश आगरकरांना एकोणिसाव्या शतकात लेख लिहावा लागला होता. म्हणजे तेव्हा अंग अधिक झाकण्याची सूचनासुद्धा धर्मावरचे संकट ठरत होती. पुढे र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि अश्लीलता पाहणाऱ्याच्या मनात असते, शरीरात नसते, हे आयुष्यभर सांगितले. त्यांच्यावर खटले झाले. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर न्यायालयात उभे राहिले, तरी निकाल विरोधातच गेला. कपडा वाढवा म्हटले तरी समाज चिडतो आणि कपडा कमी झाला तरी चिडतो. याचा अर्थ चीड कपड्याची कधी नव्हतीच. निर्णय बाईने स्वतः घेतला, ही चीड आहे.

ताकदीचेही तेच. हमीदा बानू ही पैलवान १९५४ मध्ये बडोद्यात कुस्तीला उतरली. मला हरवेल त्याच्याशी लग्न करीन, असे तिचे आव्हान होते. बाबा पैलवानाला तिने एक मिनिट चौतीस सेकंदांत चीत केले. हीच हमीदा बानू आपल्या महाराष्ट्रात आली, तेव्हा तिचे काय झाले? पुण्यात कुस्ती संघटनेने विरोध केला आणि लढत रद्द झाली. कोल्हापुरात, कुस्तीच्या पंढरीत, तिने पुरुषाला हरवल्यावर लोकांनी हुर्यो उडवून तिच्यावर दगड फेकले. ज्या मातीला आपण आई म्हणतो, त्या मातीत एक बाई जिंकली म्हणून दगड! पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ मध्ये सुरू झाली. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी सांगलीत झाली ती मार्च २०२३ मध्ये. प्रतीक्षा बागडी पहिली विजेती ठरली. मधली बासष्ट वर्षे आपण काय करत होतो, याचा जाब कोणी कोणाला विचारलेला नाही.

आता टाळ्या पिटणाऱ्यांकडे वळतो, कारण त्यांचा अपराध सहज दिसत नाही. ते म्हणतात, आम्ही तर बाईला मंच दिला! दिला खरा. त्या मंचावर चढण्यासाठी ज्या अटी घातल्या, त्या वाचा.

१९८३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत लास वेगासला महिलांची एक मोठी स्पर्धा झाली. त्यावर पुढे ‘पंपिंग आयर्न टू’ हा चित्रपट आला. ऑस्ट्रेलियाची बेव्ह फ्रान्सिस तिथे उतरली होती. मूळची पॉवरलिफ्टर. त्या मंचावर तिच्याइतका स्नायू दुसऱ्या कोणीही कमावलेला नव्हता. शरीर कमावण्याची स्पर्धा आणि सर्वांत जास्त कमावलेले शरीर तिचे! तिला आठवा क्रमांक मिळाला. परीक्षकांपुढचा पेच उघड होता: बाईने किती बाई दिसले पाहिजे? पुढे चाळीस वर्षे हा खेळ त्याच पेचाभोवती फिरला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आंतरराष्ट्रीय महासंघाने बाईपणाचे निकष घातले. २००० मध्ये चेहरा, मेकअप आणि त्वचेची कांती यांचा विचार करण्याच्या सूचना निघाल्या. २००४ च्या अखेरीस तर महिला खेळाडूंना लेखी कळवले गेले की स्नायू वीस टक्क्यांनी कमी करा. वीस टक्के! धावणाऱ्या मुलीला ‘थोडी हळू धाव, बरे दिसत नाही’ असे सांगण्यासारखेच आहे हे. पुरुष खेळाडूला असे पत्र जगात कोणी पाठवले आहे का? पुरुष जितका मोठा, तितका पूज्य. बाई मोठी झाली की प्रेक्षक कमी होतात, प्रायोजक पळतात, असे सांगितले गेले. १९८० मध्ये सुरू झालेली मिस ऑलिम्पिया स्पर्धा २०१४ नंतर बंदच पडली आणि २०२० मध्ये पुन्हा सुरू झाली. त्याआधीच, २०१० मध्ये, त्याच मंचावर बिकिनी विभाग आला आणि तो भरभराटीला गेला.

विभागांची ही उतरंड नीट समजून घ्या, कारण आपल्याकडच्या स्पर्धाही तिच्यावरच चालतात. बॉडीबिल्डिंग, त्याखाली फिजिक, मग फिगर, मग बिकिनी. जसजसे खाली यावे तसतसा स्नायू कमी आणि सजावट जास्त. फिजिकमध्ये स्पर्धक अनवाणी उभी राहते. फिगर आणि बिकिनीत तिला उंच टाचांचे बूट घालावे लागतात. नियमपुस्तकात केस, चेहरा, त्वचेचा पोत, आत्मविश्वास आणि डौल यांचा विचार करायचा असतो. स्नायू जास्त झाला तर गुण कापले जातात. मला सांगा, उंच टाचेच्या बुटाने मांडीचा कोणता स्नायू बलवान होतो? बुटाच्या टाचेने शरीराची ठेवण पुरुषी डोळ्याला आवडेल तशी वळते, एवढेच तिचे काम. हे ज्याने लिहिले त्याने खेळाचा नियम लिहिला नाही, पाहुण्यांसमोर मुलीने कसे चालावे याची जुनीच शिकवण इंग्रजीत छापली.

माझा रोख या विभागांत उतरणाऱ्या मुलींवर मुळीच नाही. त्यांची मेहनत खरी आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत काम करणारी दीपिका चौधरी या खेळात व्यावसायिक दर्जा मिळवणारी पहिली भारतीय महिला म्हणून ओळखली गेली. रायगड जिल्ह्यात मत्स्यव्यवसाय खात्याची नोकरी सांभाळून अश्विनी वासकर बॉडीबिल्डिंगच्या मंचावर उभी राहिली. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबईत जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा भारतीय मुली त्यात होत्या. प्रयोगशाळेतून, कचेरीतून, घरकाम उरकून आलेल्या या बायका. त्यांनी जे केले ते करायला आपल्यातल्या शंभरात एकाची छाती होणार नाही. म्हणून तर राग येतो. एवढी जिद्द घेऊन बाई दारात येते आणि आपण तिला विचारतो, केस मोकळे सोडशील ना?

स्पर्धेच्या आधीचा आठवडा कसा जातो, हे टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक आहे? जिमच्या भाषेत त्याला ‘पीक वीक’ म्हणतात. त्याआधी तीन-चार महिने ‘कटिंग’ चाललेले असते. उकडलेले चिकन, अंड्यातला पांढरा भाग, मोजून घेतलेला भात, काकडी. घरात पुरणपोळीचा वास सुटला तरी ती वजनकाटा आणि डबा घेऊन वेगळी बसते. शेवटच्या दिवसांत मीठ आणि पाण्याचे गणित बदलते. कातडी स्नायूला चिकटून दिसावी म्हणून पाणी तोडतात. मंचामागे प्लास्टिक अंथरलेले असते आणि त्यावर ती हात पसरून उभी राहते. मैत्रीण किंवा कोच स्पंजने तिच्या सर्वांगाला तपकिरी रंग लावत असतो. दिव्यांच्या झोतात उजळ कातडीवर स्नायूंच्या रेषा पुसट दिसतात, म्हणून हा रंग. ओठ कोरडे पडलेले, पण पाण्याचा घोट नाही, फक्त ओठ ओले करायचे. मांडीत गोळा आला तरी चेहऱ्यावर हसू ठेवायचे, कारण हसण्याकडेही डोळे लागलेले असतात. कमरेला नंबरचा बिल्ला. आपला नंबर पुकारला की रबरी पट्ट्यांवर दोन-चार झटके मारून दंडात रक्त आणायचे आणि निघायचे.

त्या तपकिरी रंगापाशी मला क्षणभर थांबायचे आहे. मंचावर गुण मिळावेत म्हणून जी मुलगी सर्वांग काळे करून घेते, तिच्या लग्नाच्या बायोडेटात ‘वर्ण: गोरा’ लिहायची घाई तिचेच घर करते. खाली ‘बांधा: सडपातळ’. फेअर अँड लव्हली १९७५ मध्ये बाजारात आली आणि २०२० मध्ये तिचे फक्त नाव बदलले. मुलींना उजळ करण्याचा धंदा अजून तेजीतच आहे. शनिवारी रात्री मंचावर काळी, रविवारी रात्री बाथरूममध्ये तो रंग घासून घासून काढायचा, कारण सोमवारी बघायला येणार आहेत. तिच्या कातडीचा रंगही दर दिवशी कोणी दुसराच ठरवतो.

आणि शरीराचे काय होते? स्त्रीच्या शरीराला जगण्यासाठी जी किमान चरबी लागते, ती पुरुषाहून बरीच जास्त असते. निसर्गाने ती पाळीसाठी आणि गर्भासाठी ठेवली आहे. मंचावर दिसण्यासाठी ती तळाला नेली आणि वर उपाशीपोटी कसरत चालू ठेवली, की शरीर आधी पाळी बंद करते. मग हाडे ठिसूळ व्हायला लागतात, केस गळतात, झोप उडते, थंडी वाजते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्येच खेळाडूंमधल्या या उपासमारीच्या विकाराबद्दल सविस्तर इशारा दिला आहे. पण जिममध्ये ‘पाळी गेली म्हणजे डाएट लागू पडलं’ असे सांगितले जाते आणि मुलगी त्यावर विश्वास ठेवते. कारण पाळीबद्दल कोणाशी बोलायचे नाही हे तिला आईने, शाळेने आणि देवघराने आधीच शिकवलेले असते. पुढचा पेच त्याहून क्रूर आहे. छातीचा उभार बराचसा चरबीचाच असतो, तो कटिंगमध्ये जातो. मग परीक्षकांना, छायाचित्रकारांना, प्रायोजकांना बाई बाईसारखी दिसत नाही. परदेशात त्यासाठी कितीतरी जणींनी शस्त्रक्रिया करून कृत्रिम स्तन बसवून घेतले. चरबी घालव म्हणणारे हेच, आणि घालवलीस म्हणून नाक मुरडणारेही हेच.

औषधांबद्दल कुजबुज खूप होते, स्वच्छ कोणी बोलत नाही. मी बोलतो. ॲनाव्हार, विनस्ट्रॉल, ‘क्लेन’ ही नावे जिममध्ये चहासारखी घेतली जातात. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या २०१९ च्या अहवालात भारताच्या नावावर १५२ गुन्हे नोंदले गेले, त्यातले ५७ एकट्या शरीरसौष्ठवातले होते. सगळ्या खेळांत सर्वाधिक! पुरुषाच्या शरीरात ही औषधे हृदय आणि यकृत पोखरतात. बाईच्या शरीरात त्याशिवाय आवाज घोगरा करतात, चेहऱ्यावर केस आणतात, पाळीचे चक्र मोडतात. घोगरा झालेला आवाज औषध थांबवल्यावरही बहुधा पूर्ववत होत नाही. वीस-बावीस वर्षांच्या मुलीला जो माणूस ‘एक सायकल मार, काही होत नाही’ असे सांगतो, त्याला कोच म्हणू नका. पाणी उतरवण्याच्या गोळ्यांचेही तसेच. १९९२ मध्ये मोहम्मद बेनझिझा हा जगातला नावाजलेला स्पर्धक युरोपातली एक स्पर्धा जिंकून काही तासांत मेला, त्यामागे याच गोळ्या आणि तुटलेले पाणी असल्याचे सांगितले जाते. व्यावसायिक स्पर्धकाचे हृदय जिथे थांबते, तिथे पहिल्याच स्पर्धेला उतरलेल्या मुलीच्या हातात तीच गोळी देताना हात थरथरत कसा नाही?

पण सगळा दोष कोचवर टाकून आपण सुटणार नाही. त्या मुलीला हे सगळे सोसावेसे का वाटते, याचे उत्तर जिममध्ये शोधून मिळणार नाही. ते आपल्या घरात आहे. नऊ वर्षांची मुलगी दुसरा लाडू उचलते तेव्हा ‘जाडी होशील’ म्हणणारी आजी आहे, आणि तिच्याच ताटाशेजारी भावाला तिसरा लाडू वाढणारीही तीच आजी आहे. शाळेच्या गॅदरिंगला सावळ्या मुलीला मागच्या रांगेत ढकलणारी बाई आहे. कॉलेजात मुलीच्या पाठीमागे तिच्या वजनावरून नाव ठेवणारी पोरे आहेत. लग्न ठरल्यावर दोन महिन्यांत दहा किलो उतरवून देण्याच्या जाहिराती आहेत, आणि त्या वाचून मुलीला तिथे नेऊन सोडणारी आईही आहे. बाळंतपणानंतर सहा महिन्यांत ‘अजून पोट गेलं नाही का’ असे हसत विचारणारी जाऊ आहे. ही तपासणी जन्मभर चालते, तिला पंच नाहीत आणि तिचा निकालही कधी लागत नाही. शरीरसौष्ठव स्पर्धेत निदान कागदावर निकष छापलेले असतात. कितीतरी मुली मंचावर जातात त्या, आयुष्यात एकदा तरी ‘तुझं शरीर बरोबर आहे’ असे कोणीतरी जाहीरपणे म्हणावे म्हणून. त्यांना एवढी भूक लागली, हे पाप कोणाचे?

आणि याच घरांत, याच राज्यात, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायकांपैकी ५४ जणींच्या अंगात पुरेसे रक्त नाही. आधीच्या फेरीत हा आकडा ४८ होता. म्हणजे तो वाढला आहे. बाईच्या कमरेचा घेर कोणालाही डोळ्यांनी मोजता येतो, तिचे हिमोग्लोबिन मोजायची आठवण कोणालाच होत नाही. तिच्या दिसण्याची एवढी फिकीर आणि असण्याची एवढी बेफिकिरी एकाच छपराखाली सुखाने नांदते. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत सुरगाणा-पेठच्या बाया हंगामभर हात वर करून घड विरळतात. खांद्याचा तोच स्नायू जिममधली मुलगी डंबेल उचलून घडवते. एकीला त्याबद्दल रोज मिळतो, दुसरीला त्याबद्दल टोमणे मिळतात. रक्ताची तपासणी दोघींचीही होत नाही.

त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्याच सावरपाड्याची कविता राऊत २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावली आणि कांस्यपदक घेऊन आली. राष्ट्रकुलात धावपट्टीवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिने रौप्य मिळवले. डोंगरातल्या पायवाटांवर अनवाणी धावून तयार झालेले ते पाय होते. आपण तिला ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ म्हटले आणि मिरवणूक काढली. चांगले केले. तिथे घड्याळ होते म्हणून कोणाचे काही चालले नाही. घड्याळाला केस, कांती आणि डौल दिसत नाहीत. घड्याळ असलेल्या खेळातही बाईला सुखाने राहू दिले जात नाहीच. २०१४ मध्ये ओडिशाच्या द्युती चंदला शरीरातल्या संप्रेरकाचे प्रमाण जास्त म्हणून राष्ट्रकुल स्पर्धेच्या संघातून काढले, आणि ती क्रीडा लवादापर्यंत लढून परत आली. म्हणजे कमी बाई दिसलीस तर गुण कापू, आणि फार वेगाने धावलीस तर तू बाई आहेस हेच सिद्ध कर! कोणत्या तोंडाने आपण मुलींना ‘खेळात या’ म्हणतो?

म्हणून आता नाव घेऊन मागणी करायची वेळ आली आहे. शरीरसौष्ठव संघटनांच्या पदाधिकाऱ्यांनो, महिलांच्या गुणांकनातून चेहरा, केस आणि टाचेचे बूट काढा. स्नायूंची वाढ, प्रमाणबद्धता, पोझवरची हुकमत, एवढे मोजा. पुरुषाला जे बक्षीस ठेवता तेवढेच तिला ठेवा, आणि तिचा विभाग पाहुण्यांच्या भाषणांनंतर, लोक उठायला लागल्यावर घेऊ नका. पोशाख खेळाडूला निवडू द्या. ज्या मुलीला अंगाला बसणारी आखूड पँट घालून उतरायचे आहे तिला उतरू द्या, बिकिनी घालायची आहे तिला ती घालू द्या. स्पर्धेच्या वजनाच्या वेळी डॉक्टर हवी, आणि तिने रक्तदाब, नाडी आणि पाळी विचारलीच पाहिजे. गेले तीन महिने पाळी आली नसेल, तर ती मुलगी त्या दिवशी मंचावर जाणार नाही, असा नियम लिहा. तालुक्याच्या स्पर्धेतही उत्तेजकांच्या तपासणीसाठी लघवीचे नमुने घेतले जातील अशी व्यवस्था सरकारकडे मागा. २०२२ पासून देशात त्यासाठी कायदाही आहे.

वृत्तपत्रांनी विजेतीचा फोटो छापताना तिचे वजन, उचललेले वजन आणि सरावाची वर्षे लिहावीत, ‘घायाळ’ आणि ‘मादक’ ही विशेषणे बंद करावीत. नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. महिला खेळाडूंच्या उपासमारीवर आणि पाळीवर मराठीतून एक पुस्तिका काढणे त्याला अवघड नाही, आणि ती शहरातल्या प्रत्येक जिममध्ये ठेवली गेली पाहिजे.

आणि जिमच्या मालकांनो, तुमच्याकडे नाव नोंदवायला मुलगी येते तेव्हा तुमचा माणूस आधी तिचे वजन घेतो, मग टेपने कंबर मोजतो, मोबाइलवर तिचा ‘आधीचा’ फोटो काढतो आणि ‘किती कमी करायचंय?’ असे विचारतो. ती किती वजन उचलू शकते, हे त्या पहिल्या दिवशी कोणी विचारत नाही. उद्यापासून तिच्या कार्डावर पहिल्या रकान्यात हिमोग्लोबिन लिहा, दुसऱ्या रकान्यात ती आज किती किलोचा बार जमिनीवरून उचलते ते लिहा, आणि फोटो तिने मागितल्याशिवाय काढू नका.